जुन्या जीपचा गिअरबॉक्स बदलायचा की नाही: निर्णयाच्या पायऱ्या, क्रमाने

बहुतेक जण आधी गिअरबॉक्स विकत आणतात आणि तो का आणला याचं उत्तर मग शोधतात. भंगार बाजारात पाच गिअरचा बॉक्स स्वस्तात दिसतो, मिस्त्री म्हणतो "बसतो साहेब, काही नाही त्यात", आणि पैसे दिले जातात. पुढे कळतं की बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घर) जुळत नाही, मागचा शाफ्ट कापावा लागणार, हँडब्रेकची सोयच उरत नाही. जीप शेडमध्ये उघडी पडते आणि बघता बघता पावसाळा येतो.

हा लेख विलीज-महिंद्रा घराण्यातल्या जुन्या पेट्रोल जीपसाठी आहे, म्हणजे सीजे-३बी आणि तिच्यासारख्या गाड्यांसाठी: ८० इंच व्हीलबेस, एफ-१३४ हरिकेन इंजिन, तीन गिअरचा टी-९०, त्याच्या मागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे हाय किंवा लो रेंजमध्ये पाठवणारी पेटी) आणि दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये ५.३८ चा क्राउन-पिनियन (म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक). आपल्याकडच्या बऱ्याच जीपमध्ये गेल्या मालकांनी काही ना काही बदललेलं असतं. त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा आपल्या गाडीवर मोजून घ्या.

पायऱ्यांचा क्रम सोडू नका. यातल्या निम्म्याहून जास्त पायऱ्यांना एक रुपयाचाही सुटा भाग लागत नाही.

## पायरी १: तक्रार एका वाक्यात लिहा

वहीत एकच वाक्य लिहा. "गिअरबॉक्स खराब आहे" हे वाक्य चालणार नाही. "घाट उतरताना दुसरा गिअर सटकतो", "हायवेवर ६० च्या पुढे इंजिन किंचाळतं", "दगडी चढावर क्लच जाळावा लागतो" अशी वाक्यं हवीत.

पहिलं वाक्य दोषाचं आहे, दुसरं वेगाचं आणि तिसरं रांगण्याच्या, म्हणजे अगदी हळू पण जोराने चालण्याच्या, ताकदीचं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि त्यातल्या काहींत गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही. दोष असेल तर पायरी २ नीट करा. वेग किंवा चढ हीच अडचण असेल तरी पायरी २ टाळू नका, कारण थकलेल्या गाडीवर केलेला हिशोब खोटा निघतो.

## पायरी २: दोष नक्की कुठे आहे ते शोधा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. टी-९० वर आळ येतो आणि गुन्हेगार क्लच, माउंटिंग किंवा ट्रान्सफर केस असते.

आधीची तयारी. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून लावायचा ठोकळा). गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्हींतल्या तेलाची पातळी वेगवेगळी तपासा. या जोडीत तेल एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. गिअरबॉक्स कोरडा आणि ट्रान्सफर केस काठोकाठ भरलेली सापडली तर पातळी दुरुस्त करून आधी गाडी चालवून बघा. तेल जीएल-४ प्रतीचं, ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचं घाला. जीएल-५ तेलातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत.

> सावध: ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गाडी गिअरमध्ये असूनही जागेवर थांबत नाही. उटीशिवाय यातली एकही तपासणी करू नका.

क) माउंटिंग. इंजिन आणि गिअरबॉक्सखालची रबरं बघा. पहारीने हलकं उचलून रबर सुटतंय का ते तपासा. बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्समधले बोल्ट आवळून बघा. हे बोल्ट ढिले असले तर गिअरबॉक्स तिरपा बसतो आणि गिअर सटकायला लागतात.

ख) क्लच. इंजिन मंद चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. थांबल्यावरही कर्रर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडलचा मोकळा खेळ सुमारे २० ते २५ मिमी आहे का ते बघा. तो ठीक असेल तर क्लचप्लेट किंवा फ्लायव्हीलमधला पायलट बुश चिकटतोय का ते तपासावं लागेल. नवा गिअरबॉक्स बसवूनही हा आवाज जाणार नाही.

ग) पहिल्या गिअरची खरखर. टी-९० च्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच, तो फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. चालत्या गाडीत पहिला टाकताना होणारा आवाज हा दोष नसून त्या रचनेचा स्वभाव आहे. पहिला गिअर गाडी थांबवून टाका किंवा डबल क्लच (गिअर बदलताना मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबणं) शिका. नुसत्या या एका तक्रारीवरून चांगले टी-९० भंगारात गेले आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घ) आवाज वेगळा करा. ही तपासणी मिस्त्रीसमोरच करा.

१. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, क्लच सोडलेला. आता गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि खालचा क्लस्टर गिअर फिरतो, ट्रान्सफर केस मात्र शांत असते. इथे घरघर आली आणि क्लच दाबल्यावर ती थांबली तर बेअरिंग गिअरबॉक्समधलं आहे.
२. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बुश.
३. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाका, गिअरबॉक्स तिसऱ्यात, क्लच हळूच सोडा. गाडी हलणार नाही. आता जो नवा आवाज वाढेल तो बहुतेक ट्रान्सफर केसच्या मधल्या गिअरचा आहे.

स्पायसर १८ मध्ये हाय रेंजलाही ताकद मधल्या गिअरमधूनच मागे जाते. म्हणून ती कायम थोडी गाते. मधल्या शाफ्टची बेअरिंगं आणि थ्रस्ट वॉशर झिजले की हेच गाणं किंकाळीत बदलतं. इलाज ट्रान्सफर केसचा शाफ्ट किट आहे. गिअरबॉक्स बदलून त्याच ट्रान्सफर केसला जोडला तर आवाज जसाच्या तसा राहील.

च) तेल काढून बघा. गाडी चालवून तेल गरम करा, पांढऱ्या कापडातून गाळा. बारीक सोनेरी भुकटी थोडी असणारच, ती सिंक्रोची झीज. लोखंडाचे चुरे किंवा दातांचे तुकडे निघाले तर बॉक्स उघडावाच लागेल. तेल दुधाळ असेल तर ओढ्यातलं पाणी आत गेलंय. तेल बदला आणि काही दिवस चालवून पुन्हा बघा.

छ) वरचं झाकण उघडा. लिव्हरसकट झाकण निघतं. शिफ्ट फोर्कची टोकं, रेलवरच्या गोळ्या आणि स्प्रिंगा, दुसऱ्या गिअरचे दात आणि सिंक्रोची बाही नीट बघा. दुसरा सटकण्याचं कारण थकलेली स्प्रिंग आणि झिजलेला फोर्क असू शकतं, आणि हे भाग गाडीखालून बॉक्स न काढता बदलता येतात. दात टोकाकडे निमुळते झाले असतील किंवा क्लस्टर गिअर पुढे-मागे हलत असेल तर मात्र पूर्ण बॉक्स उतरवून बांधावा लागेल.

> तपासा: इथवर आल्यावर "दोष गिअरबॉक्समध्येच आहे आणि तो झाकणाखालच्या भागांनी सुटणारा नाही" हे वाक्य पुराव्यासह म्हणता येतं का? येत नसेल तर बदलाचा विचार इथेच थांबवा.

## पायरी ३: वेगाचा हिशोब कागदावर करा

तक्रार वेगाची असेल तर हे सूत्र घ्या:

इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) = वेग × १६.६७ × गिअरचा रेशो × क्राउन-पिनियनचा रेशो ÷ चाकाचा घेर

वेग ताशी किलोमीटरमध्ये, घेर मीटरमध्ये. घेर मोजताना टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, चालवणारा माणूस गाडीत बसवा आणि गाडी एक पूर्ण फेरा ढकला. टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यावरून काढलेला घेर भार पडल्यावर कमी भरतो.

क्राउन-पिनियन मोजायला मागचं एक चाक जॅकवर उचला, बाकी तिन्हींना दोन्ही बाजूंनी उटी लावा. ट्रान्सफर न्यूट्रल करा, आणि हँडब्रेक सोडा, कारण त्याचा ड्रम त्याच शाफ्टवर आहे. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्टचे फेरे साडेपाचाच्या किंचित खाली आले तर ५.३८.

घेर २.२ मीटर धरला तर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ६० ला सुमारे २४५० आणि ८० ला सुमारे ३२६० आरपीएम येतात. एफ-१३४ ची कमाल ताकद ४००० च्या आसपास आणि टॉर्क २००० च्या आसपास मिळतो. ३२६० ला इंजिन मरत नाही, पण तासन्‌तास तिथे ठेवणं त्याला आणि कानांना जड जातं.

आता ८० च्या वेगाला पर्याय शेजारी शेजारी मांडा:

- पाचवा गिअर ०.८ रेशोचा असलेला गिअरबॉक्स: सुमारे २६१० आरपीएम.
- गिअरबॉक्स तोच, क्राउन-पिनियन ४.२७: सुमारे २५९० आरपीएम.
- गिअरबॉक्स तोच, ट्रान्सफर केसच्या मागच्या पीटीओ तोंडावर (जिथून बाहेरच्या अवजारांना ताकद देता येते) बसणारा २५ टक्क्यांचा ओव्हरड्राइव्ह: सुमारे २४५० आरपीएम.
- फक्त मोठे टायर, घेर २.४ मीटर: सुमारे २९९० आरपीएम.

पहिल्या दोन पर्यायांत हायवेवर फरकच नाही. दुसऱ्यात चेसिसला हात लागत नाही, पण लो रेंजमधली रांगण्याची ताकद घटते आणि पुढचा-मागचा दोन्ही अ‍ॅक्सल एकाच रेशोचे करावे लागतात. एकच बदलून फोर व्हील टाकली तर दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचे दात जातात. ओव्हरड्राइव्ह मला या गाडीला सर्वांत शोभणारा उपाय वाटतो, कारण तो काढला की गाडी पुन्हा मूळ रूपात येते. अडचण मिळण्याची आहे. तो अमेरिकेतून मागवावा लागतो आणि किंमत भरपूर पडते.

> सावध: या जीपचे ब्रेक ९ इंची ड्रमचे आहेत आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. वेग वाढवणारा कोणताही बदल करण्याआधी पैसे ब्रेकवर लावा. हे मी सुचवत नाही, बजावून सांगतो.

आणखी एक गोष्ट. उभ्या काचेची ही गाडी हवेला भिंतीसारखी अडते. ०.८ च्या पाचव्यात सपाटीवर ती धावेल, पण खंबाटकीच्या चढाला तोच गिअर सोडून तुम्ही पुन्हा चौथ्यात आलेले असाल. महिन्यातून किती दिवस पाचवा खरोखर लागणार, हे प्रामाणिकपणे लिहा.

## पायरी ४: रांगण्याचा हिशोब

पहिला गिअर × ट्रान्सफरचा लो × क्राउन-पिनियन, एवढंच गणित. टी-९० चा पहिला २.७९८, स्पायसर १८ चा लो २.४६, अ‍ॅक्सल ५.३८. गुणाकार सुमारे ३७. पहिला गिअर ३.९ चा असलेला बॉक्स आणला तर सुमारे ५२. विलीजच्या जुन्या टी-९८ चा पहिला ६.३९८ आहे, त्याने आकडा ८४ च्या पुढे जातो. पण तो इथल्या बाजारात क्वचितच दिसतो.

ताम्हिणीच्या आडवाटा, कोकणातला लाल चिखल, शेतावरची वाट यांना ३७ पुरतात. त्यावर क्लच जळत असेल तर लो रेंज वापरली जात नाहीये किंवा इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलेलं आहे. कॉम्प्रेशन गेजने मोजा. मोठमोठ्या दगडांवरून गाडी तोलत न्यायची असेल, तर आणि तरच या कारणासाठी गिअरबॉक्स बदलण्यात अर्थ आहे.

## पायरी ५: कागदपत्रं आधी, कटर नंतर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आरसी बुकात इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, सीसी, व्हीलबेस असतात, गिअरबॉक्सचा नंबर सहसा नसतो. पण आपल्याकडे पाच गिअरच्या बॉक्सबरोबर डिझेल इंजिनही येतं, "सेट स्वस्त पडतो" म्हणून. तिथे इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलतात आणि प्रकरण वेगळंच होतं. आरटीओची लेखी परवानगी हातात नसेल तर त्या सेटला हात लावू नका.

दुसरा मुद्दा व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्या यादीत गिअरबॉक्सचा उल्लेख नाही. पण लांब बॉक्स बसवण्यासाठी मधला क्रॉस मेंबर कापला की तो चेसिसमधला फेरफार झाला. पुढे कधीही व्हिंटेज नोंदणी करायची शक्यता असेल तर वेल्डिंग लागणारा कोणताही पर्याय आत्ताच खोडा.

## पायरी ६: बॉक्स विकत घेण्याआधी मापं

महिंद्राच्या एमएम ५४० जीपचा चार गिअरचा बॉक्स आणि पुढच्या महिंद्रा गाड्यांतला, मूळ प्यूजो रचनेचा पाच गिअरचा बीए-१० हे दोन इथे जास्त सुचवले जातात. कुर्ल्यात मिळो की हरयाणातल्या डबवालीहून येवो, पैसे देण्याआधी मोजपट्टी आणि व्हर्नियर घेऊन जा. मोजायचं ते असं:

- इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा) आणि व्यास. आपल्या क्लचप्लेटचा हब त्यावर बसतो का?
- शाफ्टच्या टोकाचा व्यास आणि लांबी. पायलट बुशात ते किती खोल जातं?
- बेल हाउसिंगची बोल्टांची जागा आणि मधल्या भोकाचा व्यास.
- मागच्या शाफ्टचे स्प्लाइन. स्पायसर १८ चा इनपुट गिअर थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो, त्यामुळे इथे "जवळपास" चालत नाही.
- एकूण लांबी, बेल हाउसिंगच्या तोंडापासून ट्रान्सफर केसच्या तोंडापर्यंत.
- लिव्हरची जागा. ती सीटखाली किंवा डॅशबोर्डखाली तर येत नाही ना?

लांबीचं माप सर्वांत महत्त्वाचं. ८० इंची जीपचा मागचा प्रोपेलर आधीच तोकडा असतो. समजा तो ५०० मिमी आहे आणि दोन टोकांच्या उंचीत १२५ मिमीचा फरक आहे, तर कोन साडेचौदा अंशांच्या आसपास. गिअरबॉक्स १०० मिमी लांब आला की तोच कोन १८ अंशांवर जातो. यूजे क्रॉस (प्रोपेलरच्या टोकाचा सांधा) लवकर झिजतो, गाडी थरथरते, आणि स्प्रिंगा उंच केलेल्या असतील तर शाफ्टच निखळायची भीती. हा हिशोब भंगारवाला करून देणार नाही.

ट्रान्सफर केसही बदलणार असाल तर हँडब्रेक आणि स्पीडोमीटर या दोन्हींची नवी सोय लागेल. दोन्ही जुन्या केसवरच आहेत. शिवाय सीजेच्या मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा (क्राउन-पिनियनचं घर) उजवीकडे आहे. मधोमध आउटपुट असलेली केस आणली तर शाफ्ट तिरका पळतो.

> तपासा: या मापांपैकी एकही "बसवून बघू" या उत्तरावर असेल तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

## पायरी ७: सगळ्या खर्चाची यादी

गिअरबॉक्सची किंमत ही यादीतली पहिली ओळ असते, मोठी ओळ नसते. अ‍ॅडॉप्टर प्लेट, लेथचं काम, क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग, क्लचची नवी जोडणी, दोन्ही प्रोपेलर कापून बॅलन्स करणं, माउंटिंग, फ्लोअरबोर्ड, लिव्हर, तेल, टोइंग, आणि आणलेला जुना बॉक्स उघडून त्यात निघणारी बेअरिंगं. त्या बॉक्समध्येही काम निघणारच, असं धरूनच चाला.

शेजारच्या रकान्यात टी-९० पूर्ण बांधण्याचा खर्च लिहा: बेअरिंगं, सिंक्रो रिंगा, क्लस्टरचा शाफ्ट आणि रोलर, थ्रस्ट वॉशर, सीलं, मजुरी. दोन्ही रकान्यांत मिस्त्रीकडून आकडे लेखी घ्या. तोंडी अंदाजात लेथ आणि प्रोपेलर हमखास राहतात.

## पायरी ८: कोरडी जुळणी

बॉक्स उसना किंवा परतीच्या बोलीवर मिळत असेल तर काहीही न कापता एकदा लावून बघा. नुसती बेल हाउसिंग इंजिनाला लावा, फ्लायव्हीलवर डायल गेज बसवा आणि मधलं भोक गोल फिरून तपासा. ०.१३ मिमीच्या आत फरक असावा. अ‍ॅडॉप्टर प्लेट हाताने पाडलेल्या भोकांची असेल तर तिचा वाकडेपणा इथे उघडा पडतो. वाकडा बसलेला चांगला बॉक्सही गिअर सटकवतो, म्हणजे ज्या त्रासातून सुटायला निघालात तोच पुन्हा वाट्याला येतो.

मग बॉक्स वर चढवा आणि क्रॉस मेंबर, पुढचा प्रोपेलर, सायलेन्सर, क्लचची जोडणी, फ्लोअर यांतलं अंतर बघा. गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना प्रोपेलरचा कोन पुन्हा मोजा. जॅकवर टांगलेल्या अ‍ॅक्सलचं माप फसवं असतं.

## पायरी ९: निर्णय

टी-९० चं घर फुटलेलं नसेल आणि तक्रार आवाजाची किंवा सटकण्याची असेल, तर तो बांधून घ्या. फक्त वेग हवा असेल तर ब्रेक, मग ओव्हरड्राइव्ह किंवा क्राउन-पिनियन. गाडी रोज लांब पल्ल्याला वापरायची आहे, व्हिंटेज नोंदणी नको आहे, पायरी ६ ची सगळी मापं जुळली आहेत आणि पायरी ७ चे पैसे आज हातात आहेत, तर बदला. या चारपैकी तीनच गोष्टी असतील तर थांबा.

बदललाच, तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर तेल बदला, बेल हाउसिंगचे आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळा, यूजे क्रॉसचा खेळ तपासा.

जुना टी-९० मात्र विकू नका. तो धुऊन तेल भरा, तोंडं बुचांनी बंद करा आणि त्याची बेल हाउसिंग, क्रॉस मेंबर, लिव्हर, बोल्ट आणि मूळ प्रोपेलर एकाच पेटीत चेसिस नंबर लिहून ठेवा. पुढचा मालक जीप मूळ रूपात आणायला निघाला तर त्याला हा सगळा संच एकत्र लागेल, आणि हे भाग वेगवेगळे शोधायला वर्षं जातात.